जीभ घसरली नव्हती

४ मार्च

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडता कपाटावर टाकून देशील, म्हणून पत्ता यांच्याकडून लिहून घेतला आहे. यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची शाळा सुटलेली. तरी पोचलं असेल तर तुमच्या पोस्टमनला माझा नमस्कार सांग. आणि आता फोडलंच आहेस तर वाचूनही टाक.

बातमी मोठी आहे. सरकार आपली माफी मागणार आहे.

आपली म्हणजे आपलीच. नकाशाखोलीतल्या मुलींची, आणि आपल्यासारख्या इतर खात्यांतल्या कितीतरी जणींची. पंतप्रधान भर सभागृहात उभे राहून माफी मागणार. माफी दोन गोष्टींची. बाईने लग्न केलं की तिला सरकारी नोकरीतून काढून टाकायचे, ही एक. आणि जे काम बायकांनी केलं त्यावर त्यांची नावं कधी घातली नाहीत, ही दुसरी. मी यांना ओरडून सांगितलं, "अहो, सरकार माफी मागणार!" तुला माहीत नसेल, छापखान्यातल्या यंत्रांनी यांचे दोन्ही कान खाल्ले. हे म्हणाले, "कॉफी महागणार?" आणि पिशवी घेऊन निघालेसुद्धा. आता घरात दोन किलो कॉफी आहे. माफी यायची आहे.

या कामासाठी आयोग नेमलाय. त्या आयोगाकडून एक मुलगी घरी आली होती. असेल सव्वीस-सत्तावीसची. केस बारीक कापलेले, खांद्याला हे एवढं दप्तर. दारातच मला "आजी" म्हणाली, म्हणून दारातच उभी केली. "मावशी" म्हणाली तेव्हा आत घेतली. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाली, "सुरुवातीपासून सांगा." बास. मी जी सुटले ती सुटलेच.

काय काय सांगितलं ते ऐक, चुकलं असेल तर कळव. वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या खिडक्यांची लांब खोली, अकरा टेबलं, अकरा मुली. सर्वेक्षणवाले समुद्रावरून वह्या भरून आणणार आणि आपण त्यांतले पाण्याच्या खोलीचे आकडे त्या गुळगुळीत ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवणार. एका नकाशावर चार-चार हजार आकडे. कापडावर पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग, म्हणून शिंकायचं असेल तर बाहेर आणि रडायचं असेल तर जिन्यात. शिंकरीची किती पळापळ व्हायची ते सांगितलं. मला पहिलं वर्षभर नुसते ठिपके काढायला बसवलं होतं, म्हणून तू मला ठिपका म्हणायला लागलीस, तेही सांगितलं. आणि नकाशा छापून आला की कोपऱ्यात नावं कुणाची? तीन साहेबांची. त्यांतले एक तर आपल्या मजल्यावर कधी आलेही नाहीत, गुडघे दुखायचे म्हणून.

तुझ्या खडकाचंही सांगितलं. दोन वह्या ताडून बघताना एकीत खडक आहे आणि दुसरीत नाही, हे एकट्या तुझ्या लक्षात आलं. आपल्या खोलीवरचे खोडरबर साहेब म्हणाले होते, "बाई, एवढ्या समुद्रात एक खडक कमी झाला तर काय बिघडलं?" आणि तू म्हणालीस, "खडक कमी झालेला नाही साहेब, नकाशातून गेलाय. जहाजाला ते कळायला आधी आपटावं लागेल." मग बोट पाठवली, खडक जिथल्या तिथे निघाला, आणि त्याला नाव दिलं ते साहेबांचं! ती मुलगी एवढी हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

आता गंमत ऐक. नकाशाखोलीच्या वतीने पहिल्या रांगेत बसून माफीचं पत्र घ्यायला मला बोलावलंय. शेवटची बारा वर्षं मी खोलीची मुख्य होते ना, म्हणून. नवे बूट घेतलेत. चावतात, पण ऐटबाज आहेत.

एक बारीकसं राहिलं. यादीत तुझं नाव दिसलं नाही. कारकुनी चूक असेल, मी जाऊन बघते. मुलीने तुझं विचारलं तेव्हा मी सांगितलं की ताईने लग्न केल्याचं चार वर्षं कचेरीत कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि मग एक दिवस माझी जीभ घसरली आणि सगळं बाहेर आलं. तुलाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं. असो.

भावोजींना नमस्कार. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान अजून चालू आहे ना?

तुझी,
ठिपका

१९ मार्च

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पत्रांचा डबा दिवसातून तीनदा उघडते. काल त्यात पाल होती. दोघींनीही एकमेकींना घाबरवलं.

मी आयोगाच्या कचेरीत जाऊन आले. एका बँकेच्या वर तीन खोल्या घेतल्यात, आणि फाइली इतक्या की जिन्यातही गठ्ठे रचलेत. वर चढताना एकेका पायरीवर एकेक खातं लागतं. टपालखात्यावरून गेले, शाळाखात्यावरून गेले, रुग्णालयांवर जरा दम खाल्ला, तेव्हा कुठे दार आलं. गठ्ठ्या-गठ्ठ्यातून बायका गं! कुणी नर्स, कुणी मास्तरीण, कुणी टेलिफोनवाली. लग्न केलं, काढली. लग्न केलं, काढली.

मुलीने तुझी फाइल शोधून ठेवली होती. आत एकच पिवळा कागद. "प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे." खाली तुझी सही. तुझी प्रकृती! पावसाळ्यात फुगलेल्या त्या खिडक्या अकरा जणींत तुझ्याशिवाय एकीलाही उघडता यायच्या नाहीत. मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

मुलगी हसली नाही. म्हणाली, "मावशी, कागदावर त्यांना काढलेलंच नाही. ज्यांना काढलं नाही त्यांची माफी कशी मागणार?"

"पण काढलं होतं! लिहून घेतलंय हे तिच्याकडून."

"माझा विश्वास आहे. पण आयोगाला साक्षीदार लागेल. लग्नाचं साहेबांना कसं कळलं, कुणी सांगितलं, मग राजीनामा कसा घेतला, हे ज्याला स्वतःला माहीत आहे त्याने सहीनिशी लिहून द्यायला हवं."

मी म्हटलं, "विचार करते."

कसला विचार करणार होते, देव जाणे. ती बिचारी "सावकाश करा" म्हणाली आणि कॉफी करायला उठली. डोळे तारवटलेले होते तिचे. विचारलं तर म्हणाली, माफीच्या मसुद्यात एका शब्दावरून दोन महिने भांडण चाललंय. "'अन्याय झाला' लिहायचं की 'आम्ही अन्याय केला'. वरचे सगळे म्हणतात, झाला लिहा, ऐकायला बरं वाटतं. मी म्हणते, सकाळ होते, संध्याकाळ होते. अन्याय आपोआप होत नाही, तो कुणीतरी करतं."

मी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, "शाब्बास! केलाच लिही. अजिबात सोडू नकोस त्यांना!"

तर ताई, अशी मोठी शूर मी, तिथून निघाले आणि बसमध्ये बसले. खिडकीची जागा मिळाली, छान वारा होता. आणि दोन थांबे गेल्यावर मला आठवलं की याच मुलीला मी काय सांगितलंय. "माझी जीभ घसरली." जशी काही जिभेने ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि पडली बिचारी.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. उतरायचा थांबा कधी गेला ते कळलं नाही. डेपोत जाऊन तिथून परत आले.

पुढचं एक पान लिहिलं होतं. फाडलं.

ठिपका

२७ मार्च
(पोस्टकार्ड)

ठिपकाबाईंना सप्रेम नमस्कार.

दोन्ही पत्रं पोचली. हिने वाचली. परत पाकिटात घातली. परत काढून वाचली. मी विचारलं, काय म्हणते, तर "पाल सापडली म्हणते डब्यात," एवढंच सांगितलं. पण खिडकीचं वाचून हसली, ते मी दुकानातून पाहिलं. फाडलेलं पान पुन्हा लिहा, असा माझा आगाऊ सल्ला. दुकान चालू आहे. मी कार्ड टाकल्याचं हिला माहीत नाही.

भावोजी

२ एप्रिल

ताई,

पान पुन्हा लिहिते.

तो गुरुवार होता, दुपारचे चार वाजायला आले होते. मुख्य बाई महिनाअखेरीस निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या जागी तू येणार हे खोलीतल्या टेबलांनासुद्धा ठाऊक होतं. तू शाईच्या बाटल्या आणायला खाली भांडारात गेली होतीस. खोडरबर साहेब आले, तुझं टेबल रिकामं दिसलं, आणि माझ्यापाशी थांबून म्हणाले, "तुमच्या ताई आज लवकर गेल्या वाटतं?"

"भांडारात गेलीय," एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द.

पण मला खिडकीतून खाली फाटकाशी सायकल धरून उभे असलेले भावोजी दिसत होते. रोज दिसायचे. सगळ्यांना तू सांगून ठेवलं होतंस की आमचे मामेभाऊ आहेत. आणि मी म्हटलं, "खाली भावोजी आलेत साहेब. त्यांच्याकडे गेली असेल."

"भावोजी? कुणाचे भावोजी?"

आता हे नीट वाच, ताई. मी पेन खाली ठेवलं. टोकाची शाई कापडाला लागू नये म्हणून दौतीच्या कडेला नीट टेकवलं. एवढं भान होतं मला. आणि मग मान वर करून म्हटलं, "माझे. ताईचे यजमान. चार वर्षं झाली लग्नाला."

जीभ घसरली असती तर पेन हातातून पडलं असतं. डाग पडला असता. माझ्या कापडावर त्या दिवशी एक डाग नव्हता.

का, ते सांगते. खुर्ची हवी होती, हो. पण तेवढंच असतं तर मी सहा महिने वाट बघून दुसऱ्या विभागात गेले असते. तुला मी कधी सांगितलं नाही, पण यांनी मला तोपर्यंत दोनदा विचारलं होतं. छापखान्याच्या दारात, हाताला शाई, कानात कापूस. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण नियम होता आणि मला माझं काम आवडत होतं. एक काहीतरी निवड असं सरकारने सांगितलं होतं, मी निवडलं होतं. आणि तू रोज संध्याकाळी सायकलच्या दांडीवर बसून जात होतीस! तुला दोन्ही कसं मिळतं? नियम करणाऱ्यांचा राग यायला हवा होता. तो माझ्या डोक्यातही आला नाही. जी हाताशी होती तिच्यावर काढला.

तू बाटल्या घेऊन वर आलीस, साहेबांनी आत बोलावलं. वीस मिनिटांनी बाहेर येऊन तू पट्टी आणि निबांची डबी पिशवीत टाकलीस. मी मागोमाग जिन्यात आले. तू विचारलंस, "तू सांगितलंस?" मी म्हटलं, "जीभ घसरली गं." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरं."

एक्केचाळीस वर्षांत आपण त्यानंतर धड काही बोललो नाही. वर्षाला एक कार्ड, खाली सही. आई गेली तेव्हाही "चहा घेतेस?", "नको". मला ती मुख्याची खुर्ची पुढे वीसेक वर्षांनी मिळाली, कारण साहेबांनी त्या वेळी बाहेरूनच एक पुरुष आणून बसवला. ते तुला माहीत होतं का? बघ, पाप करूनही हातात काही आलं नाही. नियम तीन वर्षांनी उठला, यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी इतकी घाईघाईने हो म्हटलं की यांना पुन्हा विचारावं लागलं, "काय म्हणालीस?" तेव्हाच ऐकू कमी यायला लागलं होतं.

ताई, जीभ घसरली नव्हती. मी सांगितलं. मी केलं. मला माफ कर.

उद्या आयोगात जाऊन हेच लिहून देणार आहे. आधी तुला लिहिलं. सरकार थांबेल एक दिवस.

ठिपका

१२ एप्रिल

ताई,

दिलं लिहून!

मुलगी टाइप करत होती. पेन दौतीच्या कडेला टेकवल्याचं आलं तसे तिचे हात थांबले. "मावशी, हे असंच लिहू?" मी म्हटलं, "असंच. आणि शेवटी 'माझ्याकडून घडलं' असलं काही नको. 'मी केलं' लिही. तुझंच शिकवणं आहे." तिने लिहिलं, मी सही केली. मग ती म्हणाली की पहिल्या रांगेतल्या माणसाबद्दल बाकीच्यांना अंधारात ठेवता येणार नाही, त्यांना हे सांगावं लागेल. मी म्हटलं, मीच सांगते.

अकरातल्या आपण सहा उरलोय. तू सोडून पाच जणी शिंकरीच्या घरी जमलो. तिचं घर अजून तसंच, प्रत्येक खोलीत रुमालांची चळत. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मग डावरी, तिला तू ओळखतेस, पहिल्यापासून तोंडाची फटकळ, ती म्हणाली, "मला कळत नाहीये, हिला त्या खुर्चीवर बसवायचं की त्या खुर्चीने हाणायचं."

आणि नेमकी तेव्हाच शिंकरी शिंकली. एक, दोन, तीन. ती उठून बाहेर पळत सुटली, एवढ्या वर्षांची सवय! दारात पोचल्यावर तिला आठवलं की आता कापड नाही, काही नाही. ती तिथेच हसत खाली बसली, आणि मग आम्ही सगळ्याच. पोटं दुखेपर्यंत.

हसणं ओसरल्यावर डावरीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला हिला बोलायचा काय अधिकार आहे? ती पिशवी भरून गेली तेव्हा आपण दहा जणी खोलीत होतो. दहाच्या दहा उठून उभ्या राहिलो असतो तर साहेबांनी दुसऱ्या दिवशी नकाशा कुणाकडून काढून घेतला असता? एक जण उठली नाही. मी त्या दिवशी साडेतीनशे आकडे काढले. अजून आठवतंय."

तर ठरलं ते असं. त्या खुर्चीवर मी बसायचं नाही, हे मीच म्हटलं. तिथे तू बसायचंस, हे पाचही जणींनी म्हटलं. आयोगाने तुझं नाव घेतलंय. अनुक्रमांक दोनशे चौदा. मी स्वतः बघून आले, काना-मात्रा तपासून. आणि येताना जिना दोन-दोन पायऱ्या घेत उतरले, टपाल, शाळा, रुग्णालयं सगळी उड्या मारत. उजवा गुडघा अजून माझ्याशी बोलत नाहीये. पण हलकं वाटतंय गं, काय सांगू! हे म्हणाले, "आज गातेयस काय?" यांना ऐकू गेलं म्हणजे बघ किती मोठ्याने गात असेन.

२ मे, सकाळी अकरा. मला भेटायला येऊ नकोस. तुझं जे आहे ते घ्यायला ये. मी अगदी मागच्या रांगेत बसेन, दिसणारही नाही.

ठिपका

९ मे

ठिपके,

घरी पोचलो. प्रवास ठीक झाला. यांनी डब्यातल्या सगळ्यांची घड्याळं तपासली, दोन दुरुस्तीला घेऊन आले.

तू चार पत्रं लिहिलीस, मी एक लिहिते. तीन दिवस तुझ्याकडे राहिले, पण तुझी बडबड आणि भावोजींची कॉफी यांत मला बोलायला जागाच मिळाली नाही. मी तुझ्या नवऱ्याला भावोजी म्हणतेय, बरोबर ना? इतकी वर्षं काहीच म्हटलं नव्हतं.

मी येणार नव्हते. तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हाही नव्हते. यांनी दुकानाला कुलूप लावलं, बॅग भरली आणि म्हणाले, "तू नको येऊस. मी जातो. मला माझ्या बायकोचं नाव ऐकायचंय." मग काय, यांना एकटं सोडलं तर चुकीच्या गाडीत बसतात.

सभागृहात तुला वाटलं की आयोगाच्या मुलीने तुला मागून पुढे बोलावलं. तसं नाही. मी आत आले, पहिल्या रांगेत माझ्या नावाची खुर्ची होती. मी तिला म्हटलं, "शेवटच्या रांगेत एक बाई आहे, नवे बूट काढून मांडीवर घेऊन बसलेली. तिला आणा." ती म्हणाली, "पण एकच खुर्ची आहे." मी म्हटलं, "मग दुसरी आणा. सरकारकडे खुर्च्यांचा तुटवडा कधीपासून?" ती स्वतः बाहेर जाऊन रखवालदाराचं स्टूल घेऊन आली. तू बसलीस ते तेच स्टूल. डुगडुगत होतं, ते मला माहीत होतं. तेवढं तुला चालण्यासारखं होतं.

माफी चांगली होती. मी लक्ष देऊन ऐकली. "आम्ही अन्याय केला," असं पंतप्रधान म्हणाले. केला म्हणाले, झाला नाही. ती मुलगी भिंतीशी उभी होती आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. नाव वाचलं तेव्हा मला काही वाटणार नाही असं मी धरून चालले होते. दोनशे चौदाव्याला यांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की दोनशे पंधरावी बाई दचकली. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्याकडे रुमाल नव्हता, तुझा घेतला. धुऊन पाठवते.

आता जिन्याबद्दल. साहेबांनी त्या वीस मिनिटांत मला सांगितलं होतं, "तुमच्या बहिणीनेच सांगितलं." म्हणूनच जिन्यात विचारलं. तू हो म्हणाली असतीस तर मी तुला तिथल्या तिथे एक मुस्काटात दिली असती आणि रविवारी जेवायला बोलावलं असतं. पण तू म्हणालीस, जीभ घसरली. घसरलेल्या जिभेला कुणी मारतं का? तिला माफ तरी काय करणार? नोकरीचा राग मला चार-पाच वर्षं होता. मग मी इथल्या शाळेत भूगोल शिकवला, तो मला नकाशांपेक्षाही आवडला. राग त्या एका वाक्याचा राहिला. मी वाट बघत होते, तू कधी खरं सांगतेस. तू चिवट निघालीस.

पण मीही चिवट. आणि मी काय केलं तेही आता लिहिते. आई आठ महिने अंथरुणाला होती. मला कळवलं होतंस. मी सगळ्यांना सांगितलं, यायला जमलं नाही. जमत होतं, ठिपके. आले नाही. तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून आईचंही बघितलं नाही, आणि तिचं उठवणं-बसवणं, खाणं-पिणं सगळं तुझ्या एकटीवर पडलं. पडलं कसलं, मी टाकलं. चार पत्रांत तू त्याचं एक अक्षर काढलं नाहीस. मला माफ कर.

झालं. आता बोटीचं.

नकाशा कचेरीने दुसऱ्या दिवशी आपल्याला सर्वेक्षणाच्या बोटीवरून फिरवलं, ते तुला अर्धंच माहीत आहे, कारण बंदर सुटल्यापासून तू खाली बादलीत तोंड घालून बसली होतीस. तीस वर्षांवर समुद्र काढलास, आणि खरा समुद्र दहा मिनिटं सोसला नाही. डावरी रेलिंगला धरून शिट्ट्या वाजवत होती. शिंकरी खाऱ्या वाऱ्यात एकदाही शिंकली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

मी पुढे उभी होते. बोट चालवणारी तरुण मुलगीच होती, कप्तान म्हणे. तिच्यासमोर एक पडदा, त्यावर खालच्या पाण्याची खोली आपोआप उमटत होती. दीपस्तंभ डावीकडे आला तसं मला कळलं आपण कुठे आहोत. तो नकाशा मी दोनदा उतरवला होता. मी नुसती म्हणत गेले, "नऊ. नऊ. साडेआठ. आता सात येईल." ती पडद्याकडे बघत होती, मग पडदा सोडून माझ्याकडेच बघायला लागली. म्हणाली, "सातच्या जागी सहा आलेत, आजी." मी म्हटलं, "गाळ साचलाय. दुरुस्त करून घ्या, आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव लिहा." तिने खरंच वही काढली.

मग तिने विचारलं, "खाली त्यांना फार त्रास होतोय का? कोण आहेत त्या?"

ठिपके, इतकी वर्षं कुणी विचारलं, भावंडं किती, तर मी सांगायचे, एकटीच. शेजारी, शाळेत, डॉक्टरांकडे. यांनीही कधी मला खोडलं नाही. तोंडात बसून गेलं होतं ते.

मी म्हटलं, "माझी धाकटी बहीण आहे."

वारा फार होता, तिला ऐकू गेलं नाही. "कोण?" तिने पुन्हा विचारलं.

मला काय, पुन्हा सांगायला बरंच वाटलं.

ताई